गाडी काऊन हलते

१९ नोव्हेंबर १९९३

नागोराव मिस्त्रीनं आज मला कामाला लावलं. म्हणे, "सुधाकरराव, गाडी हलते, हलते म्हणून मायं डोकं खाऊ नका. कधी हलते, कोठी हलते, भरलेली असता हलते का खाली असता, सारं लिवून आणा. मंग मी पायतो." बियाण्याच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. दहावी होऊन सतरा वर्षं झाली, तेव्हापासून उताऱ्यावर सही करण्यापलीकडे हातानं काही लिहिलेलं नाही. पण लिहितो.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. निर्मल गावच्या एका गिट्टीवाल्याकडून घेतली, आज पाचवा दिवस. इंजिन झकास, पत्रा शाबूत. खोड एकच, चालते कमी अन् उड्या जास्त मारते. आमच्या गावापासून इचोड्याच्या हमरस्त्यापर्यंत सहा किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे, तेवढ्यात बत्तिशी खिळखिळी होते. आदिलाबादच्या बाजारात टमाट्याचे खोके उतरवले तर खालचा थर चटणी करायच्या लायकीचा.

टमाटे गेले चुलीत. गाडी घेतली ती मायसाठी. मायचा डावा डोळा पाच वर्षांपूर्वीच गेला, पिकलेला मोतीबिंदू तसाच राहू दिला म्हणून. आता उजवाही पिकला. आदिलाबादचे डॉक्टर म्हणतात, थंडीतच करून घ्या, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर याचंही तेच होईल. म्हणजे पार अंधार. आणि बोट वर करून एक गोष्ट सांगितली, ऑपरेशनला टाके असतात, घरी नेताना धक्का लागता कामा नये.

माय म्हणाली, "बसमंदी मी नाई येत. आपली सोताची गाडी असती तं आली असती."

म्हणून गाडी घेतली. पहिल्याच दिवशी तिला इचोड्यापर्यंत फिरवून आणलं. उतरली आणि कंबर धरून म्हणाली, "हे तं बसच्याई वरताण हाय बाप्पा. मी नाई येत."

धक्क्याचं मला कोणी शिकवू नये. बारा वर्षांपूर्वी गयामावशीला, मायच्या सख्ख्या बहिणीला, उटनूरच्या डोळ्यांच्या शिबिरातून मीच बैलगाडीत घरी आणलं होतं. नाल्यातल्या दगडावर चाक चढलं आणि दणकन खाली आलं. मावशीचं डोकं दांडीवर आपटलं. तो डोळा पुन्हा उघडला नाही. मावशीला जाऊन आता आठ वर्षं झाली. एका शब्दानं मला बोलली नाही कधी.

हे पान मिस्त्रीला दाखवायचं नाही. त्याला वेगळ्या कागदावर लिहून देईन.

२२ नोव्हेंबर

हलण्याचं माप पाहिजे ना काहीतरी? बायकोकडून, रेणुकाकडून, पितळेचा गडवा मागितला. गळ्यापर्यंत पाणी भरलं, सीटवर चुंबळ ठेवली, चुंबळीवर गडवा. हमरस्त्याला लागेपर्यंत तळाशी दोन बोटं पाणी उरलं. बाकी सारं माझ्या धोतरावर. बायको म्हणाली, "लोकं काय म्हणतीन, एवढा मोठा मानूस!"

म्हणू दे.

निघताना नेहमीप्रमाणे चारी चाकांवर काठी मारून पाहिली. गाडीवानाच्या घरात जन्मलो, सवय जात नाही. बैलगाडी जुंपायच्या आधी बाप चाकावर काठी मारायचा. खणखण वाजलं तर लाकडाभोवतीची लोखंडी धाव घट्ट आहे, बद्द वाजलं तर ढिली, गाडी बाहेर काढायचीच नाही. पिकअपचं मागचं उजवं चाक जरा बद्द वाजलं, म्हणून इचोड्याला पंक्चरवाल्याकडून चारीत हवा भरून घेतली. त्याला म्हटलं, अजून भर, अजून. शेवटी टण्ण वाजलं. चाकाचा तरी आता प्रश्न नाही.

२८ नोव्हेंबर

मिस्त्रीनं माझा कागद वाचला आणि म्हणाला, शॉकप गेले. जुने काढले, खरंच तेल गळत होतं. नवे टाकले. परतीला गडव्यात तीन बोटं पाणी. म्हणजे एवढं करून एक बोट मिळालं!

मायला सांगितलं, "एक बोट सुधारली." ती म्हणाली, "मंग अजून पाच-सात बोटं सुधरू दे." सून हसली. मला नाही हसू आलं. डॉक्टरनं वीस डिसेंबरची तारीख दिली आहे.

११ डिसेंबर

आज चोर सापडला असं वाटलं. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच ओरडला, "अरे बाप्पा! सुधाकरराव, या गिट्टीवाल्यानं मांगच्या कमानीत एक एक पट्टा जास्तीचा टाकला. दगडं वाहाची गाडी हाय हे. टमाट्याच्या वजनानं हे कमान वाकतेच नाई!" दोन्हीकडचा जास्तीचा पट्टा काढला. पूर्ण दिवस गेला. गाडी मागून जराशी बसली, पण चालवून पाहिली तर खरोखर मऊ लागली. मिस्त्रीच्या अंगणात दोन चकरा मारल्या, गडव्यातून ठिपूसही सांडला नाही.

पट्टा काढल्यानं आता भार चाकांवर येणार म्हणून येताना डोकं लढवलं आणि हवा अजून थोडी जास्तच भरून घेतली. काठी मारली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज.

आणि घरी येईपर्यंत गाडी पुन्हा तशीच उडायला लागली. गडव्यात अडीच बोटं. हे काय गौडबंगाल आहे समजत नाही. मिस्त्रीच्या अंगणात मांजर आणि माझ्या रस्त्यावर वाघ!

१९ डिसेंबर

माय उद्या येत नाही म्हणते.

मी ओरडलो. गाडीला हे केलं, ते केलं, गावात माझं हसं झालं, बायको धोतरं धुऊन धुऊन थकली, आणि तू म्हणतेस येत नाही? "आंधळी होऊन बसायचंय काय तुले?" असं बोललो. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द गेलाच.

माय चुलीपुढं बसली होती. राखेत बोटं फिरवत म्हणाली, "गाडी हलते रे. तू पह्यले गाडी नीट कर."

रेणुका मला बाहेर घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाईवर काऊन खेकसता? तुमी सोता कसे झाले ते पाहा ना. झोपेत 'हो, हो' करून बैल थांबवता रोज. भिंतीपल्याड आत्याबाईची बाज हाय, त्याह्यले सारं आयकू येते." मी म्हटलं, गाडीच्या चिंतेनं होत असेल. ती बकरीला चारा टाकायला निघून गेली.

तारीख हुकली. संध्याकाळी इचोड्याला जाऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वीस जानेवारी दिली आणि बजावलं, याच्यापुढं ढकलू नका.

२ जानेवारी १९९४

गुडिहतनूरच्या अलीकडे पंक्चर. मागचं डावं. स्टेपनी काढून लावली. ही स्टेपनी गाडी घेतल्यापासून गिट्टीवाल्यानं दिली तशीच धूळ खात होती. काठी मारली तर पार बद्द वाजली. पण अडला हरी, काय करता? हळूहळू जाऊ म्हटलं.

आता गंमत ऐका. डावीकडून गाडी उडेना! उजवं चाक खड्ड्यात गेलं की दणका, डावं गेलं की नुसतं बसल्यासारखं. मी मुद्दाम दहा वेळा डावं चाक खड्ड्यात घालून पाहिलं. हमरस्त्यापासून गावापर्यंतचा एकेक खड्डा मला आता तोंडपाठ आहे, नावं तेवढी ठेवायची बाकी आहेत.

याचा अर्थ काय? उजवीकडची कमान बिघडली असणार. उद्या मिस्त्रीला गाठतो.

४ जानेवारी

माझ्यासारखा गाढव अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात नाही.

मिस्त्रीकडे कालही जाणं झालं नाही, आज टमाटे घेऊन सरळ आदिलाबादला गेलो. तिथं बाजाराजवळ पंक्चरवाल्याकडे ते पंक्चर झालेलं चाक दिलं आणि म्हटलं, बाकीच्या तिघांचीही हवा पाहून घे. त्याच्याकडे हवा मोजायचा काटा आहे. इचोड्याच्या आमच्या पंक्चरवाल्याकडे तो नाही, माझी काठी हाच काटा. त्यानं काटा लावला, पाहिलं, पुन्हा लावला. मग उठून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्या सेठ, टायर है कि पत्थर? इत्ता हवा किने भरा?"

मी म्हटलं, मीच.

"काय कू?"

आता काय सांगणार? वाजलं पाहिजे म्हणून? चाळीसच्या आत पाहिजे तिथं काटा सत्तरच्या पुढं. स्टेपनीत मोजली तर बरोबर पस्तीस. रबराचं चाक मऊ असावं लागतं, रस्त्याचा धक्का त्यानंच खायचा असतो, हे त्यानं मला लहान लेकराला समजावून सांगावं तसं सांगितलं. आणि मी त्याला लाकडाचं चाक, लोखंडाची धाव समजून दीड महिना टणक करत होतो. जितका जपायला गेलो तितका धक्का वाढवत गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

येताना इचोड्याला थांबून नागोराव मिस्त्रीला खरं सांगून टाकलं. तो पाना खाली ठेवून अर्धा तास हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "सुधाकरराव, कागदावर सारं लिवलं तुमी, काठीचं काऊन नाई लिवलं?"

लिहिलं होतं की. या डायरीत आहे. त्याला दिलेल्या कागदावर नव्हतं, कारण काठी मारणं ही काय लिहायची गोष्ट आहे?

५ जानेवारी

घरून हमरस्ता आणि परत, बारा किलोमीटर. गडवा गळ्यापर्यंत भरलेला निघाला, गळ्याखाली अर्धं बोट उतरला. धोतर कोरडं! गडवा तसाच धरून घरात धावत गेलो, मायच्या हातात दिला. तिला दिसत नाही, तिनं बोट बुडवून पाहिलं. काठापासून पाण्यापर्यंत बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

मला वाटलं, आता म्हणेल, चाल बाप्पा.

"बरं झालं," एवढंच म्हणाली आणि गडवा बाजूला ठेवला. चेहरा पाहिला तर एखादी गोष्ट हातातून निसटल्यासारखा. म्हातारपण, दुसरं काय.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. आज मायनं नवीन काढलं. म्हणते, "मी जातो. पण गाडी तू नको चालवू. नागोराव मिस्त्रीले म्हण चालवाले."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मी म्हटलं, काऊन? गाडी माझी, रस्ता माझा, खड्डान्‌ खड्डा माझा ओळखीचा. ती म्हणाली, "तू घरीच राय. वावरात काम हाय."

वावरात काय काम आहे ते मला माहीत नाही काय? मी उठून गेलो.

आता लिहितो, कारण कुठंतरी बोललंच पाहिजे. बारा वर्षं मला जे वाटत होतं तेच खरं निघालं. मायला वाटतं, तिच्या बहिणीचा डोळा मी घालवला. म्हणून बस नको, म्हणून गाडी हलते, म्हणून तारीख टाळली. गाडीला नाही, मला घाबरते ती. हरकत नाही. तिचं काही चुकलं नाही. चाक मीच चढवलं होतं दगडावर.

तरी गाडी मीच चालवणार. मिस्त्रीला हा रस्ता माहीत नाही. सोळाव्या खड्ड्यानंतर लगेच डावीकडे कापायचं असतं हे त्याला कोण सांगेल?

२० जानेवारी

दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. मायला आत नेलं आहे.

सकाळी आठला निघायचं होतं. मी स्टीअरिंगपाशी, मधे माय, खिडकीशी रेणुका. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी किल्ली घातली. समोर पाहत बसलो.

माय म्हणाली, "सुधाकरा, गाडी हलून राह्यली."

मी म्हटलं, "माय, अजून सुरूच नाई केली."

मग तिचा हात चाचपत माझ्या मांडीवर आला, तिथून गुडघ्यावर गेला आणि तिनं गुडघा दाबून धरला. तेव्हा मला कळलं. माझा पाय थडथड उडत होता आणि त्यानं सारी सीट हलत होती. मला पत्ताच नव्हता. रेणुका खिडकीबाहेर पाहत राहिली.

"गाडी नाई हलत आता," माय म्हणाली. "तू हलून राह्यला."

मग तीच बोलली, गुडघा न सोडता.

"मले डोळ्याचं भेव नाई रे. गेला तं गेला, एका डोळ्यानं मी पाच वर्सं काढली, बिनडोळ्यानं राह्यली तेवढी काढीन. पण तू झोपेत बैल थांबवतं. म्या म्हटलं, माया डोळ्याचं काई कमीजास्त झालं तं हा गयाच्या वज्झ्यावर मायाई वज्झा घेईन. म्हनून टाळत होती."

"मावशीचा डोळा मीच घालवला, माय." बारा वर्षांत पहिल्यांदा तोंडानं बोललो.

"कोनं सांगतलं तुले? गयानं तिसऱ्याच दिवशी पट्टी सोडून डोळ्यात बकरीचं दूध घातलं होतं. आग होते म्हने. मले शपथ घातली, घरच्याइले सांगू नको, मारतीन. म्या नाई सांगतलं. दुधानं गेला का दगडानं गेला, ते देवाले माहीत. पण तू एकटाच हे उरावर घेऊन बसला हायस हे मले आता मायित पडलं, तुया झोपेतून. बारा वर्सं एका घरात जेवलो आपन, अन् बोललो नाई."

मला रडू आलं. लिहून ठेवतो, लाज कसली. रेणुकानं पदर दिला तो मी घेतला. माय म्हणाली, "आता रडून घे पुरतं, मंग गाडी चालव. रडता रडता चालवू नको."

पाय थांबल्यावर निघालो. रस्त्यात तिनं गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारलं, हलते का? म्हणाली, "पुढं पाह्य."

आतून कोणीतरी आलं. पुढचं नंतर लिहितो.

२१ जानेवारी

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. आत भिंग बसवलं आहे. चार दिवस ठेवून घेणार. माय नर्सशी भांडते आहे, म्हणजे प्रकृती ठीक आहे.

२५ जानेवारी

आज मायला घरी आणलं.

सकाळी डॉक्टरनं पट्टी काढली, काळा चष्मा दिला, पथ्यं सांगितली. दिसतं का विचारलं तर माय नुसतं "हौ" म्हणाली. काय दिसतं, किती दिसतं, काही नाही. रेणुकानं डोळ्यांनी मला खुणावलं, विचारू नका. मी नाही विचारलं. गयामावशीही शिबिरातून निघताना "हौ"च म्हणाली होती.

हमरस्ता गुळगुळीत, तिथं काही प्रश्न नव्हता. इचोड्याच्या पुढं आमच्या मुरमाच्या रस्त्याला लागलो. गाडी मी बैलापेक्षा हळू चालवत होतो, मागून आलेला एक सायकलवाला पुढं निघून गेला आणि मान वळवून पाहू लागला. माय मधे सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, चष्म्याच्या आत डोळे उघडे का मिटलेले ते कळत नव्हतं.

पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. मी आपला मनात मोजत होतो. तिसरा पळसाच्या झाडाखाली आहे, सावलीत असल्यानं नवख्याला दिसत नाही. मी स्टीअरिंग जरासं वळवायला घेतलं, आणि मायनं एकदम माझं मनगट धरलं.

"अरे, अरे! खड्डा हाय ना समोर, त्या सावलीत! दिसत नाई काय तुले?"

रेणुकानं तोंडावर हात घेतला.

तो खड्डा मला दिसत नाही? त्या खड्ड्यानं माझी किती धोतरं भिजवली आहेत! डोळे बांधले तरी मी तो चुकवीन.

"नाई दिसला, माय," मी म्हटलं. "तू सांगत जाय."

मग घरापर्यंत ती सांगत होती. डावीकून घे, उजवीकून घे, आता सरळ.